विवाह, वाहन आणि बिऱ्हाड

विवाह आणि वाहन हे दोन शब्द सख्खे आहेत. दोघांच्या पोटात 'वह्' हा एकच धातू आहे, आणि वह् म्हणजे वाहून नेणं. ज्यातून नेतात ते वाहन. मुलीला माहेराहून मानानं नेतात तो विवाह. 'उद्वाह' हा विवाहाचा जुना पर्यायही याच धातूचा. नुकतीच लग्न होऊन आलेली ती 'नवोढा': नव अधिक ऊढा, आणि ऊढा म्हणजे नेलेली. 'प्रौढ' हा रोजच्या बोलण्यातला शब्दसुद्धा याच घरचा: प्र अधिक ऊढ, पुढे नेलेला, म्हणून वाढलेला, जाणता झालेला. मराठीत आपण ओझं वाहतो, देवाला फूल वाहतो, नदी वाहते, शेतातून वहिवाट पडते आणि चांदणी चौकात वाहतूक तुंबते. एवढ्या सगळ्यांना मिळून एकच धातू पुरला आहे.

हा धातू भारतापुरता राहिलेला नाही. संस्कृत वह्, लॅटिन वेहेरे, जर्मन वागेन, इंग्रजी वॅगन, पोलिश वूझ ही सगळी एका कुळातली भावंडं आहेत. रस्त्याला इंग्रजीत 'वे' म्हणतात तोही त्यांच्यातलाच. चाकणजवळ २००९ साली ज्यांचा कारखाना सुरू झाला त्या फोक्सवॅगनच्या नावाचा अर्थ 'लोकांची गाडी', आणि त्यातली 'वागेन' आपल्या 'वाहना'ची चुलत बहीण. त्याच कंपनीनं १९५० साली जी डबा-गाडी रस्त्यावर आणली, तिच्यात पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या जर्मन कारखान्यानं झोपायची आणि स्वयंपाकाची सोय बसवून दिली. आजच्या कॅम्पर व्हॅनचं घराणं तिथून वाढलं.

लग्न आणि गाडी यांची गाठ तर त्याहून फार जुनी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं पंच्याऐंशीवं सूक्त म्हणजे सूर्येच्या लग्नाचं सूक्त. सवित्याची मुलगी सूर्या, नवरदेव सोम, आणि सोबतीला अश्विनीकुमार. पाणिग्रहणाचा मंत्र याच सूक्तातला. मराठी लग्नांत तो आजही म्हटला जातो. सूर्या ज्या गाडीत बसून सासरी निघते तिचं लाकूडसुद्धा ऋषीनं नोंदवून ठेवलं आहे: पळस आणि सावर. फाल्गुनात पौडवरून ताम्हिणीकडे निघालं की डोंगरउतारावर पानं झडलेली आणि लालभडक फुललेली जी झाडं दिसतात ती हीच. मराठी साहित्यात पळस पुष्कळदा आला, पण तो नवरीच्या गाडीचं लाकूड होता याची आठवण क्वचितच कुणी काढतो.

पुण्याहून बावधन, भूगाव, भुकूम मागे टाकून छोटा घाट ओलांडला की पिरंगुट लागतं. पुढे घोटावडे फाटा, पौड, मुळशी धरण, ताम्हिणी आणि मग खाली कोकण. शेतकरी, कारखान्यातले कामगार आणि हिंजवडीला नोकरीला जाणारी नवी बिऱ्हाडं इथे एकाच बाजारात भाजी घेतात. यांच्यातलं एखादं नवं जोडपं मधुचंद्राला युरोपभर कॅम्पर व्हॅननं फिरायचा बेत आखू लागलं, तर घरातल्या थोरांना तो पार परका वाटतो. लग्न झालं की देवदर्शन, फार तर महाबळेश्वर. हे गाडीत झोपणं कुठलं? माझं म्हणणं असं की या बेतातला एकेक शब्द उचलून उजेडात धरला, तर आपलं काय आणि परकं काय याची वाटणी इतकी सरळ राहत नाही.

सुरुवात 'मधुचंद्रा'पासून करू, कारण तो खरोखरच बाहेरून आलेला आहे. 'हनीमून'चं ते शब्दाला शब्द ठेवून केलेलं मराठी. इंग्रजीत हा शब्द १५४६ साली जॉन हेवुडच्या म्हणींच्या पुस्तकात सापडतो. तेव्हा त्याच्यात प्रवास नव्हता. १५५२ साली रिचर्ड ह्यूलोएट या कोशकारानं त्याचा जो अर्थ दिला तो असा, की लग्नानंतरचे पहिले गोडीचे दिवस, आणि पौर्णिमेनंतर चंद्र कलेकलेनं उतरतो तशी पुढे उतरत जाणारी ती गोडी. म्हणजे मुळात तो इशारा होता. नव्या जोडप्याला महिनाभर मधाची दारू पाजत म्हणून हनीमून, अशी एक गोष्ट सांगतात. जुन्या लिखाणात तिला आधार नाही. जोडप्यानं कुठेतरी फिरायला जाणं हा अर्थ पुढे, मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, चिकटला.

मराठीत येताना त्यातला इशारा गळून पडला. 'मधुचंद्र' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर उतरणारा चंद्र येत नाही, भरलेला येतो. कन्नडनंही 'मधुचंद्र'च घेतला, बंगालीनं 'मधुचंद्रिमा' केलं. १९६७ साली राजदत्त यांनी या नावाचा चित्रपट काढला तोवर शब्द घराघरांत पोचलेला होता. 'हनीमून'मधला 'मून' पुढे महिन्याच्या अर्थानंही घेतला गेला, म्हणून 'मधुमास' हे भाषांतरही शोभलं असतं. पण ती जागा आधीच भरलेली होती. मधु आणि माधव ही चैत्र-वैशाखांची वैदिक नावं. मधुमास म्हणजे चैत्र.

गंमत पुढे आहे. आपण ज्या शब्दाला मुकलो तो युरोपात शाबूत आहे. लिथुआनियात हनीमूनला 'मेदाउस मेनुओ' म्हणतात, पोलंडात 'म्येशोंत्स म्योदोवी', रशियात 'मेदोव्ही मेस्यत्स'. त्यातला मेद, म्योद म्हणजे आपला मधु, आणि मेनुओ, मेस्यत्स म्हणजे आपला मास. या शब्दांचं नातं रक्ताचं. हजारो किलोमीटरवर, लिथुआनियातल्या विल्नियसच्या एखाद्या हॉटेलात, पिरंगुटच्या जोडप्याला जी पाटी परकी वाटेल तिच्यावर 'मधु' आणि 'मास' लिहिलेलं असेल. इंग्रजी 'हनी' मात्र मधुचं कुणी लागत नाही. तिथला नातलग म्हणजे 'मीड', मधाची दारू. जर्मन भाषेत मध नाही आणि चंद्रही नाही. तिथे 'फ्लिटरव्होखेन' म्हणतात, आणि त्यातल्या फ्लिटरचा जुना अर्थ कुजबुजणं, हळूच हसणं, गोंजारणं. कुजबुजीचे आठवडे! हंगेरीत 'मेझेशहेतेक', म्हणजे मधाळ आठवडे. देश बदलला की मुदत महिन्याची आठवड्यांवर येते, गोडी तीच राहते.

आणि तरी मधुचंद्र मराठीला परका वाटला नाही, याला कारण आहे. वेदात सोमरसाला पुन्हा पुन्हा मधु म्हटलेलं आहे, आणि सोम म्हणजेच चंद्र हे समीकरण सूर्येच्या सूक्तात उघड दिसतं. मधु आणि चंद्र ही दोन्ही तिथल्या नवरदेवाचीच रूपं. भाषांतर करणाऱ्याच्या मनात हे असो वा नसो, शब्दानं पाय टेकला ती जमीन ओळखीची होती.

हनीमून हा शब्द येण्याआधी लग्नाला जोडून आपल्याकडे प्रवास नव्हता, असंही नाही. 'वरात' हा शब्द 'वरयात्रा'पासून झिजत आला आहे; त्याच्या शेवटच्या 'त'मध्ये अख्खी यात्रा दडली आहे. वऱ्हाड उतरतं तो 'जानवसा' म्हणजे 'जन्यवास', वराकडच्या मंडळींचा मुक्काम. लग्न उरकलं की कुलदैवत. जेजुरीला नवरा नवरीला उचलून पायऱ्या चढतो, सगळ्या नाही जमल्या तरी पाच तरी. खाली उभ्या असलेल्या बायका हसत असतात, नवऱ्याचे गुडघे थरथरत असतात, नवरीनं एका हातानं पदर आणि दुसऱ्या हातानं त्याची मान धरलेली असते, भंडाऱ्यानं दोघांचे कपडे पिवळे झालेले असतात. वह् धातूचा अर्थ कोशात बघायची गरज त्या वेळी उरत नाही. विवाह म्हणजे वाहून नेणं, हे तिथे डोळ्यांना दिसतं.

आता 'कॅम्पर व्हॅन'. 'कॅम्प' पुणेकरांना वेगळा सांगायला नको. १८१७ साली खडकीची लढाई झाली, आणि त्यानंतर इंग्रजांनी वसवलेली छावणी म्हणजे पुण्याचा कॅम्प. जुन्या बोलण्यातलं 'लष्कर'. या शब्दाचं मूळ लॅटिन 'काम्पुस', म्हणजे मोकळं मैदान. रोममधलं 'काम्पुस मार्तिउस' हे असंच कवायतीचं माळरान. मैदानावर सैन्य, सैन्याचे तंबू, आणि मग तंबूंचाच 'कॅम्प', अशी अर्थाची वाटचाल झाली. मैदानात उतरणारा लढवय्या तो 'चॅम्पियन', विद्यापीठाचं आवार तो 'कॅम्पस', आणि फ्रान्समधला मोकळ्या रानांचा प्रांत तो 'शॅम्पेन', जिथली वाईन जगभर गेली. हिंजवडीचा मुलगा 'कॅम्पस'मधून नोकरीला लागतो, मधुचंद्राला 'शॅम्पेन'मधून गाडी हाकतो आणि रात्री 'कॅम्पिंग'ला थांबतो, तेव्हा तो एकाच शब्दाच्या तीन मैदानांवरून गेलेला असतो.

'व्हॅन' तर पूर्वेकडूनच पश्चिमेला गेली. फारसीत 'कारवान' म्हणजे एकत्र चालणारा व्यापाऱ्यांचा तांडा. तो शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत 'कॅराव्हॅन' झाला, लोकांनी भरलेल्या झाकलेल्या गाडीला लागला, आणि एकोणिसाव्या शतकात त्याचं पुढचं तोंड छाटून 'व्हॅन' एवढाच उरला. कारवान रात्री जिथे उतरे ती 'कारवानसराई'. यातली 'सराई' आपल्याकडे राहिली. अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरला औरंगजेबाच्या काळातली सराई आजही उभी आहे. एकाच जोडशब्दाचा अर्धा भाग तिकडे गाडी झाला आणि अर्धा इकडे धर्मशाळेचा शेजारी. कॅम्पर व्हॅनमध्ये हे दोन अर्धे पुन्हा भेटतात, कारण ती चालते तेव्हा कारवान असते आणि थांबते तेव्हा सराई. 'लग्नसराई'तल्या सराईचा अर्थ हंगाम; नुसता उच्चार जुळला म्हणून तिचं नातं इथे लावून मोकळं होणं बरं नव्हे. स्पेनमध्ये या गाडीला 'आउतोकाराव्हाना' म्हणतात आणि कारवान तिथे पूर्ण अंगानं वावरतो. महाराष्ट्र शासनानं २०२१ साली आणलेल्या धोरणाचं नावही 'कॅराव्हॅन पर्यटन' असंच आहे. तो शब्द फारसीतून युरोपला जाऊन, तिथे चाकं लावून परत आला.

चाकं लावून आलेले आणखी दोन शब्द पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात जन्मभर राबले. पिरंगुटच्या कोणत्याही कारखान्याच्या फाटकासमोर टेम्पो उभा असतो. 'टेम्पो' हे हॅम्बुर्गच्या विडाल आणि मंडळींच्या गाड्यांचं नाव. मूळ शब्द इटालियन, त्याच्या मागे लॅटिन 'तेम्पुस', म्हणजे काळ. पुढे अर्थ झाला लय, गती. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकारानं १९५८ साली बजाज टेम्पो उभी राहिली आणि त्या जर्मन तीनचाकीचं उत्पादन भारतात सुरू झालं. कंपनीचं नाव २००५ साली फोर्स मोटर्स झालं, तोवर टेम्पो तिच्या हातातून सुटून मराठीचा झाला होता. आज टेम्पो कुठल्याही कंपनीचा असू शकतो. टेम्पो भरतात, टेम्पो सांगतात, टेम्पोवाल्याशी घासाघीस करतात. गायनाच्या क्लासात 'टेम्पो वाढव' म्हणतात तेव्हा तो लयीच्या अर्थानं येतो आणि कुणाचा गोंधळ होत नाही.

'मॅटेडोर'चंही तसंच. स्पॅनिशमध्ये 'मातार' म्हणजे मारणं, आणि बैलाशी झुंजून त्याला मारणारा तो 'मातादोर'. टेम्पो कंपनीनं १९४९ साली आपल्या नव्या गाडीला हे नाव दिलं. त्या पहिल्या मॅटेडोरचं इंजिन फोक्सवॅगनचं होतं. पुढे ती पुण्यात बनू लागली आणि गावोगाव वऱ्हाडं वाहू लागली. किती मराठी नवऱ्या मॅटेडोरमध्ये बसून सासरी आल्या! बैल मारणाऱ्याच्या नावाची गाडी आपल्याकडे बैलगाडीची जागा घेऊन नवोढेला घेऊन आली, आणि त्या अर्थाची आठवणही कुणाला नव्हती. भाषा शब्द घेते तेव्हा त्याचा पूर्वेतिहास विचारत बसत नाही. कामाला येतो का ते बघते.

गाडीत संसार करणारी माणसं युरोपला नवी नाहीत. भारतातून हजारएक वर्षांपूर्वी निघून पश्चिमेकडे गेलेल्या रोमा लोकांची 'वर्दो' ही घोडागाडी इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यांचं घर झाली. त्यांची रोमानी भाषा आपल्याच कुळातली. पाण्याला ते 'पानी' म्हणतात, दोनला 'दुई', नाकाला 'नाख', काळ्याला 'कालो', आणि घराला 'खेर', जे आपल्या 'घरा'च्याच मुळातून आलं आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी त्यांची लाखोंनी कत्तल केली, आणि चाकांवर राहणाऱ्या माणसाकडे संशयानं पाहायची युरोपची सवय अजून पुरती गेलेली नाही. हौसेनं चार आठवडे गाडीत राहणाऱ्यानं हे जाणून असावं.

आपल्या इथेही असाच एक शब्द आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही: 'कोयता'. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या भागांतून ऊसतोडीला जोडपी निघतात. मुळशी-मावळच्या सीमेवर कासारसाईला संत तुकाराम कारखाना आहे. अशा कारखान्यांच्या वाटेवर गाड्यांत भांडी, पोती, कोंबड्या आणि लेकरं घेऊन ती येतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' असतो आणि एकटं माणूस 'अर्धा कोयता'. उचल कोयत्यावर मिळते, म्हणून हंगामाच्या तोंडावर अनेकदा घाईनं लग्नं उरकली जातात. त्या मुलीचाही लग्नानंतरचा पहिला प्रवास गाडीतलाच, पहिलं घर फडाजवळची कोपी. जोडप्याला हत्याराचं नाव पडणं ही मराठीतली फार कठोर गोष्ट आहे. मधुचंद्र आणि कोयता हे दोन्ही शब्द एकाच भाषेत, एकाच नात्यासाठी आहेत. शब्दांचा हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजू मांडायला हव्यात.

आता आखणी. 'योजना' हा शब्द 'युज्' धातूचा: जुंपणं, जोडणं. बैल गाडीला जुंपले की योजना झाली. बैल न सोडता एका दमात जेवढं जाता येई ते 'योजन', म्हणजे साधारण चार कोस. बैलांच्या मानेवरचं 'जू' संस्कृत 'युग'पासून आलं, आणि जोडप्याला आपण 'युगुल' म्हणतो तोही याच धातूचा. लॅटिनमध्ये जू म्हणजे 'युगुम'. एका जुवाखाली आलेली दोघं म्हणून इटलीच्या सरकारी कागदावर नवरा किंवा बायको यांना 'कोन्युजे' म्हणतात, आणि फ्रान्सच्या कागदावरचा 'कोंज्वँ' त्याच मुळाचा. बेत, अंतर आणि दांपत्य हे तिन्ही एका धातूत सामावलेले आहेत. यातून मला व्यवहाराचीही एक गोष्ट घ्यावीशी वाटते. नकाशावरच्या किलोमीटरांनी दिवस आखू नये, योजनानं आखावा. दोघांपैकी जे थकलं असेल त्याच्या दमानं गाडी सोडावी. जू दोघांच्या मानेवर आहे.

कागदपत्रांच्या शब्दांतही असंच बरंच सापडतं. 'व्हिसा' म्हणजे लॅटिनमध्ये 'पाहिलेला' कागद, आणि पाहण्याचा तो धातू आपल्या 'विद्'चा, म्हणजे वेद आणि विद्या यांचा नातलग. 'शेंगेन' हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक लहान गाव. १४ जून १९८५ रोजी त्या नदीत उभ्या असलेल्या 'प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड' या बोटीवर पाच देशांनी करार केला, आणि आज २९ देशांच्या सीमा त्या गावाच्या नावानं ओळखल्या जातात. १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना वर्षभर चालतो. भाड्यानं मिळणाऱ्या बहुतेक कॅम्पर ३,५०० किलोच्या आत बसवलेल्या असतात, त्यामुळे सामान तोलूनमापून भरावं लागतं. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या महामार्गांसाठी जो शुल्काचा दाखला घ्यावा लागतो त्याला 'व्हिनेट' म्हणतात. मूळ फ्रेंच अर्थ द्राक्षाची छोटी वेल, म्हणजे जुन्या पुस्तकांच्या पानांवर काढत ती वेलबुट्टी. ऑस्ट्रियातून ब्रेनर खिंडीनं इटलीत उतरताना, १,३७० मीटर उंचीवर, ताम्हिणीच्या वळणांवर बसलेला हात उपयोगी पडेल. फक्त गाडी उजव्या अंगानं चालवायची आहे.

व्हिसाच्या अर्जात एक प्रश्न हमखास असतो: रोजची रात्र कुठे काढणार? आपल्याकडे पाहुण्याला पाणी दिलं की हाच प्रश्न विचारतात, 'मुक्काम कुठे?' 'मुक्काम' अरबीतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ उभं राहण्याची जागा. पोस्टाच्या पाकिटावर आपण 'मु. पो. पिरंगुट, ता. मुळशी' असं लिहितो. त्यातला 'मु.' हा मुक्काम. 'पो.' हा पोस्ट. त्याचं मूळ लॅटिन 'पोसिता', म्हणजे नेमून ठेवलेली जागा, जिथे टपालाचे थकलेले घोडे बदलत. माणसाचा कायमचा पत्ता सांगायला मराठीनं जे दोन शब्द पक्के केले ते दोन्ही वाटेवरचे. कायमचं राहणं म्हणजेही लांबलेला मुक्काम, असंच आपल्या पाकिटांवर पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं आहे.

'मजल' पाहा. अरबी 'मंझिल' म्हणजे वाहनावरून उतरायची जागा. त्यातून 'मजल दरमजल' झाली, 'मजल मारणं' झालं, आणि त्याच शब्दातून घराचा 'मजला' आला. प्रवासाचा टप्पा आणि घराचा टप्पा यांना मराठीनं एकच नाव दिलं. आणि 'प्रवास' या शब्दात तर जाणं मुळीच नाही. प्र अधिक वस्. वस् म्हणजे राहणं, ज्यातून वास, वस्ती, निवास आले. प्रवास म्हणजे घरापासून दूर जाऊन राहणं. जाण्याचा धातू 'या', त्यातून यात्रा झाली. प्रवासात मात्र राहण्यालाच महत्त्व आहे. चाकांवरच्या घराचं वर्णन म्हणून याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

जुन्या काव्यशास्त्रात 'प्रोषितभर्तृका' नावाची नायिका आहे: जिचा नवरा प्रवासाला गेला आहे ती. प्रोषित हे प्रवासाचंच रूप. कितीएक विरहगीतं तिच्यावर लिहिली गेली, कारण प्रवास त्याचा आणि वाट पाहणं तिचं, अशी वाटणी ठरलेली होती. १८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला कोलकात्याहून अमेरिकेला निघाल्या आणि गोपाळराव मागे राहिले, तेव्हा त्या वाटणीला पहिला मोठा तडा गेला. पण नवऱ्यासाठी 'प्रोषितभार्य' हा शब्द चलनात आला नाही. भाषेला त्याची सवय नव्हती. एका गाडीत दोघांनी निघणं, आळीपाळीनं चाक धरणं, एकानं भाजी चिरणं आणि दुसऱ्यानं नकाशा पाहणं, यात त्या नायिकेला जागाच उरत नाही. या बेतातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही आहे. विवाहात तिला 'नेलं' जाई. इथे तिच्या हातीही चाक आहे. वह् धातूचा कर्ता बदलला.

राहिला प्रश्न या गाडीच्या मराठी नावाचा. 'फिरतं घर' सरळ आहे, पण तो वर्णनाचा शब्द झाला, हाक मारायचा नव्हे. 'घरगाडी' बरा आहे. मला विचाराल तर 'बिऱ्हाडगाडी'. घर मालकीचं असतं. बिऱ्हाड मांडायचं असतं. नवं जोडपं बिऱ्हाड करतं, म्हणजे दोन ताटं, दोन पातेली, एक शेगडी आणि अंथरूण एवढ्यावर संसार सुरू करतं. बिऱ्हाडात माणसं आणि सामान दोन्ही येतात, आणि ते उचलता येतं, म्हणून तर विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. कॅम्पर व्हॅनच्या आत नेमकं एवढंच मावतं.

पण टेम्पोचा धडा विसरायला नको. टेम्पोला मराठी करायला कुठली समिती बसली नव्हती. तो हमालांनी, ड्रायव्हरांनी, भाजीवाल्यांनी तोंडात घेऊन घेऊन मराठी केला. बिऱ्हाडगाडी टिकेल की कॅम्परच राहील, हे तिच्यात स्वयंपाक करणारी आणि झोपणारी माणसं ठरवतील. म्हणून अशा जोडप्यांना एकच आग्रह आहे. व्हिसा, विमा आणि परवाना यांच्याबरोबर मराठीही सोबत न्यावी. दिवसाची टिपणं मराठीत लिहावीत. गाडीतल्या घडीच्या टेबलाला, पाण्याच्या टाकीला, छतातल्या झडपेला तोंडात येईल ते नाव द्यावं आणि आल्यावर घरच्यांना त्याच नावांनी सगळं सांगावं. त्यातले चार शब्द जरी शेजारच्या पुढल्या जोडप्यानं उचलले, तरी मराठीत एका नव्या संसाराचं सामान जमा झालं असं मी मानीन.